न्यूयॉर्कने ज्या डॉक्टरचा पुतळा हटवला, त्याचा ‘चमचा’ आजही आपल्या दवाखान्यांत आहे

१७ एप्रिल २०१८. न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्कच्या कडेला, फिफ्थ अव्हेन्यूवर सकाळी सकाळी गर्दी जमली होती. महापालिकेची माणसं आली, एका ब्राँझच्या पुतळ्याला पट्टे बांधले आणि त्याला चौथऱ्यावरून खाली उतरवलं. जमलेल्या लोकांनी आनंदाने आरडाओरडा केला.

पुतळा हटवला की आपल्याला वाटतं कुणीतरी राजा असेल, सेनापती असेल. इथे तसं नव्हतं. हा पुतळा एका डॉक्टरचा होता. जेम्स मॅरियन सिम्स. आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून ज्याचं नाव शंभर-सव्वाशे वर्षं घेतलं गेलं, तोच हा माणूस.

तांबी बसवायला किंवा अंग बाहेर येतंय म्हणून दाखवायला तुम्ही कधी सरकारी दवाखान्यात गेला असाल, तर डॉक्टरांच्या ट्रेमध्ये दोन्ही बाजूंनी वाकलेलं एक चकचकीत हत्यार पाहिलं असेल. त्याचं नाव सिम्स स्पेक्युलम. सगळ्यात पहिलं सिम्स स्पेक्युलम म्हणजे एक वाकवलेला चमचा होता. तो वापरला गेला एका गुलाम मुलीवर. तिचा आजार एकच होता, लघवी गळायची. दिवसरात्र.

ही गोष्ट सिम्सची आहे, पण त्या मुलींशिवाय ती सांगताच येत नाही.

सिम्सचा जन्म २५ जानेवारी १८१३ चा, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातला. पोरगा कॉलेजात गेला, पण डॉक्टर होण्याची काही फार हौस त्याला नव्हती. १८३५ मध्ये फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजमधून डिग्री घेतली आणि गावी परत येऊन पाटी लावली. पहिले दोन पेशंट म्हणजे दोन तान्ही बाळं. दोन्ही दगावली. सिम्सने दारावरची पाटी काढली, विहिरीत फेकली आणि गाव सोडलं.

तिथून तो अलाबामा राज्यात आला. आधी एका खेड्यात आणि १८४० मध्ये माँटगोमेरी शहरात त्याने बस्तान बसवलं. आजूबाजूला कापसाचे मोठमोठे मळे होते. मळ्यांवर राबायला आफ्रिकन वंशाचे गुलाम होते आणि शहरात त्यांचा उघडा बाजार भरायचा. मळेवाले आपल्या गुलामांना तपासायला डॉक्टर बोलावत, कारण गुलाम आजारी पडला की मालकाचा पैसा बुडायचा. सिम्सची प्रॅक्टिस याच कामावर वाढली. स्वतः त्याच्या घरातही गुलाम होते.

इथे एक मधलीच गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावरून माणूस कळतो. त्या भागात गुलामांची नवजात बाळं धनुर्वाताने मरत. सिम्सला वाटलं, बाळंतपणात डोक्याची हाडं सरकतात आणि मेंदूवर दाब येतो, त्यामुळे हे होतं. म्हणून त्याने चांभाराची आरी घेतली आणि बाळांच्या कवटीची हाडं तिने उचलून बघितली. त्याचा तर्क साफ चुकीचा होता. धनुर्वात होतो जंतूंमुळे, बहुतेकदा नाळ अस्वच्छ असल्यामुळे.

म्हणजे करून बघण्याची खुमखुमी आधीपासूनच होती. आणि करून बघायला कुणाची शरीरं मिळतात, हेही त्याला ठाऊक होतं.

१८४५ च्या उन्हाळ्यात माँटगोमेरीजवळच्या एका मळ्यावरून त्याला बोलावणं आलं. अनार्का नावाची साधारण १७ वर्षांची गुलाम मुलगी तीन दिवस कळा देत होती. बाळ अडलं होतं. सिम्सने चिमटा लावून बाळ बाहेर काढलं. या कामाचा त्याला फारसा सराव नव्हता, हे त्याने नंतर स्वतःच मान्य केलं. बाळंतपण उरकलं आणि तो घरी गेला.

काही दिवसांनी निरोप आला. अनार्काचा लघवीवर ताबा राहिला नव्हता. शौचावरही नव्हता.

हे नेमकं काय होतं, ते नीट समजून घेऊ. बाळाचं डोकं आईच्या कटीच्या हाडांमध्ये अडकून बसलं, की मूत्राशयाची पिशवी आणि योनीमार्ग यांच्यातला नाजूक पडदा डोकं आणि हाड यांच्यामध्ये चिरडला जातो. तास दोन तास नाही, दोन दोन तीन तीन दिवस. तिथला रक्तपुरवठा थांबतो. ती जागा मरते. बाळंतपणानंतर काही दिवसांत मेलेला भाग गळून पडतो आणि मागे राहतं भोक. आता पिशवीत लघवी साठायला जागाच नाही. तयार होईल तशी ती थेंब थेंब खाली येत राहते. मागच्या बाजूला, गुदाशयाकडेही असंच भोक पडलं तर विष्ठाही त्याच वाटेने येते. याला म्हणतात ऑब्स्टेट्रिक फिस्टुला. (आपल्याकडे भगंदराला लोक फिस्टुला म्हणतात, तो आजार वेगळा.) आणि इतकं अडलेल्या बाळंतपणात बाळ बहुधा हाती लागत नाही.

हसताना, खोकताना, जड उचलताना थोडी लघवी निसटते, ती तक्रार आज लाखो बायकांना आहे. त्याचं कारण वेगळं, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडणं. अर्नॉल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरने १९४८ मध्ये त्यावरचे व्यायाम मांडले, ते आजही शिकवले जातात. पण फिस्टुलाला व्यायाम चालत नाही. तिथे भोकच आहे.

आता डोळ्यांसमोर आणा. सॅनिटरी पॅड नाही, डायपर नाही, नळाचं पाणी नाही. कापड बांधायचं, ते तासाभरात भिजणार. मांड्या सतत ओल्या, लघवीने कातडी सोलवटून निघालेली, त्यावर फोड. अंथरूण ओलं. आणि वास. कितीही धुतलं तरी जात नाही असा वास. शेजारी कुणी बसत नाही, नवरा जवळ येत नाही, स्वयंपाकघरात कुणी उभं करत नाही. या आजाराने बाई लगेच मरत नाही. सतरा-अठरा वर्षांची असेल तर पुढची तीस-चाळीस वर्षं असंच काढायचं.

गुलाम मुलीच्या बाबतीत आणखी एक हिशोब होता. १८०८ पासून अमेरिकेत बाहेरून गुलाम आणायला बंदी आली होती. त्यामुळे मळेवाल्यांना नवे गुलाम हवे असतील तर ते इथल्याच गुलाम बायकांच्या पोटी जन्माला यायला हवेत. जी बाई आता मूल देणार नाही आणि वासामुळे घरकामालाही ठेवता येणार नाही, तिची किंमत मालकाच्या वहीत कोसळायची. ती बरी व्हावी असं मालकाला वाटत होतं, ते या कारणाने.

पुढच्या काही आठवड्यांत सिम्सकडे अशाच आणखी दोघी आल्या. बेट्सी, सतरा-अठरा वर्षांची. आणि लूसी, अठराची. सिम्सने पुस्तकं चाळली आणि मालकांना कळवलं, याला इलाज नाही. लूसीला तर दुसऱ्या दिवशी परत पाठवतो म्हणून सांगितलं. ती फार हिरमुसली, अशी नोंद त्यानेच करून ठेवली आहे.

आणि मग एक गोरी बाई घोड्यावरून पडली.

पडल्यामुळे तिचं गर्भाशय जागेवरून सरकलं होतं. सिम्सने तिला गुडघ्यांवर आणि हातांवर ओणवं केलं आणि बोटांनी ढकलून ते बसवायचा प्रयत्न केला. त्या स्थितीत योनीमार्गात हवा शिरली, तो फुगून मोकळा झाला आणि गर्भाशय आपोआप जागेवर गेलं. बाईला आराम पडला. सिम्सच्या डोक्यात मात्र दुसरंच चक्र सुरू झालं. हवेने जागा मोकळी होत असेल, तर आतलं भोक डोळ्यांनी दिसेल!

घरी येता येता त्याने कथलाचा एक चमचा विकत घेतला. परत पाठवायच्या मुलींना थांबवलं, बेट्सीला टेबलावर त्याच स्थितीत ओणवं केलं, चमच्याची दांडी वाकवून आत घातली. भोक दिसलं. कडेसकट, स्पष्ट.

तोवर असल्या जखमा डॉक्टर अंदाजाने, बोटांनी चाचपत. दिसतच नसेल तर शिवणार काय? सिम्सच्या आधी अमेरिकेतच जॉन मेटॉअर आणि जॉर्ज हेवर्ड या डॉक्टरांनी १८३० च्या दशकाच्या अखेरीस अशा एकेक जखमा शिवून बंद केल्या होत्या, म्हणजे पहिला मान त्याचा नाही. पण दरवेळी जमेल अशी पद्धत कुणाकडे नव्हती.

सिम्सने घरामागे गुलाम पेशंटसाठी एक छोटं हॉस्पिटल उभं केलेलं होतं. ते वाढवलं आणि आजूबाजूच्या मळ्यांवर अशा मुलींचा शोध घेतला. मालकांशी करार केला. मुलींचा राहण्या-खाण्याचा खर्च सिम्सचा, कपडे आणि त्यांच्यावरचा कर मालकाचा. त्या बदल्यात बऱ्या होईपर्यंत मुली सिम्सच्या ताब्यात. साधारण दहा-बारा जणी असाव्यात. नावं फक्त तिघींची उरली.

त्या मुलींना कुणी विचारलं का? सिम्सने पुढे लिहिलं की त्या राजी होत्या, उलट त्याच मागे लागायच्या. तसं असूही शकतं. जिच्या अंगावरून दिवसरात्र लघवी वाहते, ती बाई कुठलाही इलाज करून बघायला तयार होईल. पण अलाबामाच्या कायद्यात त्यांच्या ‘हो’ ला किंमत नव्हती, कारण त्यांच्या ‘नाही’ लाच किंमत नव्हती. परवानगी मालकाची. आणि त्यांची बाजू त्यांच्या तोंडून आलेली एकही ओळ आज आपल्याकडे नाही. जे आहे ते सगळं सिम्सच्या हातचं.

पहिला नंबर लूसीचा लागला, १८४५ संपता संपता. ओणवी बसवलेली लूसी आणि भोवती बघायला जमलेले डझनभर डॉक्टर, सगळे पुरुष. भूल नाही. तासभर ऑपरेशन चाललं. तिच्या वेदना भयंकर होत्या, हे सिम्सनेच लिहिलंय. लघवी बाहेर काढायला त्याने मूत्रमार्गात स्पंजाचा तुकडा ठेवला होता. तो आत कडक झाला, जंतुसंसर्ग झाला आणि रक्तात विष पसरून लूसी मरता मरता वाचली. सावरायला तिला दोन-तीन महिने लागले. भोक पूर्ण भरलंच नाही.

मग बेट्सी. मग अनार्का. मग पुन्हा लूसी. टाके रेशमाचे असायचे, आठवड्याभरात पिकायचे आणि उसवायचे. प्रत्येक ऑपरेशननंतर मुलींना नळी लावून दिवसचे दिवस पडून ठेवायचं आणि अफू द्यायची. अफूने दुखणं कमी व्हायचं आणि शौचाला होत नसल्यामुळे टाक्यांवर ताण यायचा नाही. इतकी अफू रोज दिल्यावर शरीराचं काय होत असेल, याचा अंदाज करायला डॉक्टर असावं लागत नाही.

एक वर्ष गेलं, दोन गेली. सुरुवातीला कौतुकाने यायचे ते डॉक्टर यायचे बंद झाले. मेव्हण्याने येऊन हे आता सोड म्हणून समजावलं. मदतनीस उरले नाहीत, तेव्हा सिम्सने त्याच मुलींना मदतनीस केलं. आज हिच्यावर ऑपरेशन, तर बाकीच्या तिला धरून ठेवणार आणि हत्यारं हातात देणार. पुढच्या आठवड्यात नंबर धरणारणीचा. फिस्टुला सर्जरीची अमेरिकेतली पहिली अनुभवी टीम कोणती, असं विचारलं तर खरं उत्तर याच मुली आहेत. त्यांच्या नावापुढे ते कधी लिहिलं गेलं नाही, हा भाग वेगळा.

तोडगा निघाला १८४९ मध्ये. सिम्सने एका कारागिराकडून चांदीची बारीक तार ओढून घेतली आणि रेशमाऐवजी ती वापरली. चांदीची तार लघवी शोषत नाही, त्यामुळे टाका पिकत नाही. तारेची टोकं त्याने शिशाच्या छर्र्याने दाबून पक्की केली. टेबलावर अनार्का होती. तिच्यावरचं हे तिसावं ऑपरेशन.

तीस.

आठवड्याभराने पाहिलं, टाके कोरडे होते, भोक बंद होतं. पुढच्या काही आठवड्यांत लूसी आणि बेट्सीही बऱ्या झाल्याचं सिम्सने लिहिलं आहे. मुली आपापल्या मालकांकडे परत गेल्या.

इथे एक गोष्ट आजच्या डॉक्टरांना माहीत आहे जी तेव्हा कुणी मोजत नव्हतं. भोक बंद होणं आणि बाई कोरडी राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिस्टुला यशस्वीपणे शिवल्यावरही काही बायकांची लघवी गळत राहते, कारण जखमेत मूत्रमार्ग आणि त्याला आवळून धरणारे स्नायूही गेलेले असतात. अनार्काला रात्री कोरडी झोप मिळाली का, ती पुन्हा माणसांत बसली का, याची नोंद सिम्सच्या यशात नाही. माँटगोमेरीत त्याच्यासोबत काम केलेल्या नेथन बोझमन या डॉक्टरने तर पुढे सिम्सच्या टाक्याच्या पद्धतीवर आणि यशाच्या दाव्यांवर जाहीर शंका घेतली. दोघांचं वैरही होतं, हे लक्षात ठेवून ते वाचायचं.

पुढची तीस वर्षं मात्र सिम्सची चढतीची होती. १८५२ मध्ये त्याने आपली पद्धत एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापली. जुन्या जुलाबांनी तब्येत पार खालावली म्हणून १८५३ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. तिथल्या श्रीमंत बायकांनी पैसा उभा केला आणि १८५५ मध्ये ३० खाटांचं वुमन्स हॉस्पिटल सुरू झालं. सुरुवातीच्या पेशंटमध्ये आयर्लंडहून आलेल्या गरीब बायका बऱ्याच होत्या. म्हणजे राज्य बदललं तरी टेबलावर झोपणाऱ्यांकडे पैसा आणि पर्याय दोन्ही नव्हते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. सिम्स दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी टिकवणाऱ्यांच्या बाजूचा. तो युरोपात निघून गेला. पॅरिसमध्ये बड्या बड्या सर्जनसमोर त्याने फिस्टुला शिवून दाखवला. राजेराजवाड्यांकडून बोलावणी येऊ लागली, फ्रान्सची सम्राज्ञी युजेनीही त्याची पेशंट झाली. मळ्यावरच्या मुलींवर बसवलेला हात आता राजवाड्यात चालत होता.

परत आल्यावर त्याचं स्वतःच्याच हॉस्पिटलशी वाजलं. कारणं दोन. कॅन्सरच्या बायकांना घ्यायचं नाही, असं व्यवस्थापनाचं म्हणणं. त्या काळी कॅन्सर संसर्गाने होतो अशी भीती होती. सिम्सला त्या बायकांना दाखल करायचं होतं आणि यात तो बरोबर होता. दुसरं कारण असं की ऑपरेशन बघायला खोलीत १५ पेक्षा जास्त बाहेरची माणसं नकोत, असा नियम संचालिकांनी केला. पेशंटच्या लाजेचा प्रश्न होता. सिम्सला हा अपमान वाटला. १८७४ मध्ये त्याने राजीनामा दिला. लूसीभोवती डझनभर डॉक्टर उभे केले होते, तेव्हा असा नियम करणारं कुणी नव्हतं.

तरी मान कमी झाला नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं अध्यक्षपद मिळालं. १३ नोव्हेंबर १८८३ ला न्यूयॉर्कमध्ये तो गेला, तेव्हा आत्मचरित्र अर्धवट होतं. ते पुढच्या वर्षी छापून आलं. १८९४ मध्ये पुतळा उभा राहिला आणि १९३४ मध्ये तो सेंट्रल पार्कच्या कडेला आला.

मग वाद कधी सुरू झाला? साधारण १९७० नंतर, जेव्हा इतिहासकारांनी तेच आत्मचरित्र मुलींच्या बाजूने वाचायला घेतलं. सगळ्यात जास्त भांडण भुलीवर आहे. सिम्सची बाजू घेणारे सांगतात, इथरची भूल जगासमोर आली १६ ऑक्टोबर १८४६ ला, म्हणजे त्याची पहिली ऑपरेशनं त्याआधीची. हे खरं आहे. पण अनार्काचं तिसावं ऑपरेशन त्यानंतर जवळपास तीन वर्षांनी झालं, हेही खरं. समर्थक पुढे म्हणतात, न्यूयॉर्कमध्ये गोऱ्या बायकांनाही या ऑपरेशनसाठी भूल गरजेची नाही असंच त्याचं मत होतं. तेही खरं. १८५७ मध्ये त्याने जाहीर सांगितलं होतं की हे ऑपरेशन भुलीचा धोका पत्करावा इतकं दुखत नाही. पण लूसीच्या भयंकर वेदनांबद्दल लिहिणाराही तोच.

काही डॉक्टर असंही विचारतात, इलाज नसता तर त्या मुलींचं काय झालं असतं? प्रश्न चुकीचा नाही. जगभरात आजही दरवर्षी ५० हजार ते १ लाख बायकांना हा फिस्टुला होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जिथे सिझेरियन वेळेवर मिळतं तिथे तो जवळपास नाहीसा झालाय. जिथे मिळत नाही, तिथल्या बायका आजही वेगळ्या झोपडीत राहतात, नवऱ्याने सोडलेल्या असतात. त्यांच्यावरचं ऑपरेशन ज्या वाटेने विकसित झालं, तिच्यावर सिम्सची पावलं आहेत. पण ही तुलना करताना एक गोष्ट हळूच गळते. तीस वेळा टेबलावर कुणाला चढायचं होतं, हे ठरवणारी माणसं टेबलावर नव्हती.

पुतळा काढल्यानंतर तीन वर्षांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये माँटगोमेरीत मिशेल ब्राउडर या कलावतीने तीन पुतळे उभे केले. भंगारातलं लोखंड वेल्डिंग करून बनवलेल्या तीन उंच बायका. सगळ्यात उंच आहे ती अनार्का, जवळपास १५ फूट. शेजारी बेट्सी आणि लूसी. त्या दिसायला कशा होत्या, हे कुणालाच माहीत नाही. त्यांचं एकही चित्र सिम्सने काढून ठेवलं नव्हतं, त्यामुळे चेहरे ब्राउडरला मनानेच घडवावे लागले.